यज्ञ आटोपला, धूमकेतू वळला

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेतले दत्तदा बंगाली, हौशी आकाशनिरीक्षक. निवृत्तीनंतर घेतलेल्या दुर्बिणीला त्यांनी ‘दिव्यचक्षू’ असं नाव ठेवलंय आणि रात्रीमागून रात्री ते गच्चीवर तिच्याच सहवासात काढतात. एके दिवशी त्यांना नवा धूमकेतू सापडतो. गाव सत्काराला धावतं. घरात इंद्राणीदेवी मात्र धास्तावतात. शेंडेनक्षत्र म्हणजे अरिष्ट, आणि ते आपल्याच नवऱ्याच्या नावाचं असावं? पुढे हिशेब निघतो तो भलताच. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. लंडनमध्ये गुप्त बैठक बसते, अण्वस्त्रांच्या धक्क्यानं त्याला वाटेवरून ढकलायचं ठरतं. दत्तदा घरी परततात तर घरात शांतियज्ञ चाललेला. कालांतरानं धूमकेतू निघून जातो. त्याला कुणी घालवलं हे दत्तदांना माहीत आहे, आणि इंद्राणीदेवींनाही माहीत आहे. दोघांची उत्तरं तेवढी वेगळी.

ही कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या आठवीच्या ‘इट सो हॅपन्ड’ या पूरक वाचनाच्या पुस्तकात बरीच वर्षं होती. म्हणजे लातूरच्या सीबीएसई शाळांतल्या मुलांनीही ती परीक्षेपुरती वाचली. दत्तदा विज्ञाननिष्ठ, इंद्राणीदेवी अंधश्रद्ध. फरक स्पष्ट करा, गुण अमुक. परीक्षेच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या गावात असं उत्तर दोन मिनिटांत लिहून होतं. अडचण एवढीच, की ज्या जिल्ह्यात बसून मूल हे उत्तर लिहितं, त्या जिल्ह्यात एक धूमकेतू खरोखरच पडला होता. आकाशातून नव्हे, पायाखालून.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. रिश्टर मापनावर सहाच्या थोडा वर असलेला हा भूकंप जगाच्या हिशेबात राक्षसी म्हणावा असा नव्हता. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली घरं मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, आणि वर मातीचं जाडजूड माळवद. उन्हाळ्यात तेच माळवद घर गार ठेवायचं. त्या पहाटे तेच अंगावर आलं. आठ ते दहा हजार माणसं गेली. त्याआधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, याच भागात धक्के जाणवत होते. पण दख्खनचा हा खडक स्थिर मानलेला आणि देशाच्या भूकंपनकाशात हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या रंगात रंगवलेला. नकाशा पुढे बदलला; २००२ च्या नकाशात किल्लारीचा पट्टा तिसऱ्या क्षेत्रात आला.

माळवद का कोसळलं, याचं उत्तर स्थापत्य अभियंता देतो आणि ते बिनचूक असतं. खडक का तुटला, याचं उत्तर भूशास्त्रज्ञ देतो. मग घरातली चार माणसं गेली आणि एक उरलं, तर ते उरलेलं माणूस ‘आमचंच घर का?’ असं विचारतं. हा प्रश्न भूशास्त्राचा नाही हे त्यालाही कळतं. तरी तो विचारल्यावाचून राहवत नाही. या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणायचं का? पाच मार्कांच्या उत्तरात याला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर ‘धूमकेतू’तही फारशी नाही.

विज्ञानकथेला मात्र हा प्रश्न परका नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ज्या विज्ञानकादंबऱ्यांना मोठे पुरस्कार मिळाले, त्यांची यादी घेऊन बसलं तर त्यात पाद्री, मठ, प्रेषित आणि देव यांची गर्दी आहे. ह्यूगो हा पुरस्कार तर परीक्षकांची समिती देत नाही, जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचकच, मतदान करून देतात. यंत्रमानव आणि अंतराळयानं यांचे शौकीन म्हणून ओळखले जाणारे हे वाचक वर्षानुवर्षं देवाच्या गोष्टींना मतं देत आले.

त्यातली जेम्स ब्लिशची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ ही कादंबरी १९५८ ची. ह्यूगो १९५९ चा. ‘धूमकेतू’च्या शेजारी ठेवून ती वाचण्यात गंमत आहे. लिथिया नावाच्या ग्रहावर पृथ्वीवरची चार माणसं जातात, त्यांत एक जेझुइट पाद्री आहे आणि तो जीवशास्त्रज्ञही आहे. तिथले सरड्यासारखे दिसणारे रहिवासी खोटं बोलत नाहीत, गुन्हा करत नाहीत, भांडत नाहीत, आणि त्यांना देव ठाऊक नाही. दुसऱ्या कुणाला हा स्वर्ग वाटला असता. पाद्र्याची झोप उडते. देवाशिवाय इतकं निर्दोष जगता येत असेल तर हा ग्रह सैतानानं रचलेला सापळा आहे, असा निष्कर्ष तो काढतो. पण सैतानाला निर्मिती करता येते असं मानणं हे त्याच्या धर्मात पाखंड. स्वतःच्याच तर्कानं तो स्वतःच्या धर्माबाहेर पडतो. शेवटी तो दूरवरून त्या ग्रहाकडे पाहत भूत उतरवण्याचा विधी करतो, आणि नेमका त्याच वेळी ग्रह फुटतो. कारण त्याच वेळी तिथे एक भौतिकशास्त्रज्ञ चुकीच्या गणितावर उभा असलेला प्रयोग करत होता.

मंत्रानं की प्रयोगानं? ब्लिश सांगत नाही. पुस्तक मिटल्यावर वाचक दोन्ही उत्तरं हातात घेऊन बसतो.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे: विधी आणि भौतिकशास्त्र एकाच वेळी, फळ एकच, श्रेय कुणाचं? नारळीकर वाचकाच्या कानात उत्तर सांगतात. ब्लिश सांगत नाही. कथा म्हणून ब्लिशची जास्त दिवस डोक्यात राहते, हे मान्य करायला हरकत नसावी. पाद्र्याचा निष्कर्ष विक्षिप्त आहे, पण तो बावळट नाही. त्याची अक्कल लेखकाच्या अकलेइतकीच तल्लख ठेवली आहे. इंद्राणीदेवींच्या वाट्याला हे आलेलं नाही. त्या प्रेमळ आहेत, हट्टी आहेत आणि चूक आहेत, एवढंच. यज्ञ करताना त्यांनी नेमकं काय मागितलं, हे कथेत कुणी विचारत नाही. नातवाचं आयुष्य? नवऱ्याच्या डोक्यावरचा आळ? की नुसतंच, होईल ते सोसायचं बळ? शांत करणं या शब्दाला मराठी घरात यातले सगळे अर्थ आहेत. मराठवाड्यात नव्या घराची वास्तुशांत करताना कुणी सिमेंट कमी घालत नाही.

पण इथे नारळीकरांची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती भक्कम आहे.

ब्लिशला दार उघडं ठेवणं परवडलं, कारण त्याच्या शेजारी कुणी भूत उतरवून घरं लुटत नव्हतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली (आद्याक्षरं उलटी केलेली) आणि ती पहिली आली. तेव्हापासून त्यांनी कथा हे प्रबोधनाचं हत्यार मानलं. २००८ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांनी फक्त कुठली कुणाची ते ओळखायचं. प्रत्येकाला ४० कुंडल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास टक्के जमलं असतं. त्यानंतर पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, दाभोलकरांचा पुण्यात भर सकाळी खून झाला. अशा मुलखात ‘कदाचित यज्ञानंही असेल’ असा शेवट लिहिणं ही कलात्मक मोकळीक राहत नाही. त्याची पावती दुसराच कुणीतरी फाडतो.

शिवाय अरिष्टाला नैतिक अर्थ लावण्याचा मोह फार मोठ्या माणसांनाही झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला: सृष्टीचे नियम आणि माणसाची नीती यांची अशी गाठ मारली तर ती अविवेकाला बळ देते. गांधीजींनी मत बदललं नाही. हेतू उदात्त होता, प्रश्न खरा होता. पण दरभंग्यात ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, त्यांचं काय, याला त्या युक्तिवादात उत्तर नव्हतं. त्याआधी १७५५ मध्ये लिस्बन हादरलं ते सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसं चर्चमध्ये असताना. ‘जे घडतं ते भल्यासाठीच’ म्हणणाऱ्या तत्त्वज्ञानाची व्हॉल्तेअरनं १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये साल काढली ती त्या धक्क्यानंतर. सणानंतरच्या पहाटेचं किल्लारी त्या वंशातलं आहे.

आर्थर सी. क्लार्कच्या ‘द स्टार’ला १९५६ मध्ये ह्यूगो मिळाला. ती कादंबरी नव्हे, काही पानांची कथा आहे, पण ‘आमचंच घर का?’ हा प्रश्न तिच्याइतका उघडा कुणी मांडला नसेल. तिथेही नायक जेझुइट आणि खगोलशास्त्रज्ञ. स्फोट होऊन विझलेल्या एका ताऱ्यापाशी त्याला नष्ट झालेल्या सुंदर संस्कृतीचे अवशेष सापडतात. तो गणित करतो. त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर ज्या रात्री पोचला, ती ख्रिस्तजन्माची रात्र. एका गावाला वाट दाखवण्यासाठी दुसरं गाव जाळलं? त्याची श्रद्धा मोडते की नाही हे क्लार्क सांगत नाही. तो फक्त आकडे मांडतो. किल्लारीच्या वाटेवरचा वाचक ही कथा वाचतो तेव्हा त्याला पाद्री परका वाटत नाही, धर्म वेगळा असूनही.

आता नांदेडकडे वळायला हवं, कारण विरोधकाला पूर्ण ताकदीनिशी उभं करून मग त्याच्याशी झुंजायचं, ही रीत त्या गावात एका माणसानं आयुष्यभर पाळली. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते आणि नास्तिक होते. पण ‘व्यासांचे शिल्प’मध्ये ते महाभारत वाचतात तेव्हा, किंवा मनुस्मृतीवर बोलतात तेव्हा, आधी ग्रंथाची बाजू त्याच्या वकिलापेक्षा चांगली मांडतात. मग नाकारतात. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा प्रवाह तपासणारा हा समीक्षक १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच गेला, वयाच्या पन्नाशीच्याही आत. मराठी विज्ञानकथेला बहर येत होता तो याच सुमारास. या दोघांची, म्हणजे कुरुंदकरी बुद्धीची आणि विज्ञानकादंबरीची, गाठ नीट पडायची राहिली. पडली असती तर आपल्याकडे यज्ञ करणारं पात्र इतकं सोपं राहिलं नसतं, आणि यज्ञाविरुद्धचा युक्तिवादही जास्त धारदार झाला असता.

तो कसा झाला असता याचा एक नमुना अमेरिकेत सापडतो, हीच गंमत. रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ला १९६८ मध्ये ह्यूगो मिळाला. परग्रहावर उतरलेल्या यानातली माणसं तंत्रज्ञानाच्या जोरावर ब्रह्मा, यम, काली, अग्नी होऊन बसलीत आणि बाकीच्यांवर राज्य करतात. गणेश आहे तो कारस्थानी मुत्सद्दी. मराठी वाचकाला हे टोचतं. नाणं टाकलं की प्रार्थना पोचवणारी यंत्रं देवळांत बसवलीत. हे मात्र टोचत नाही, ओळखीचं वाटतं. (या कादंबरीवरच्या कधीच न निघालेल्या चित्रपटाची पटकथा ‘आर्गो’ या नावानं घेऊन सीआयएनं १९८० मध्ये तेहरानमधून माणसं सोडवून आणली. देवांचा असाही उपयोग.)

पण कादंबरीचा कणा आहे पुनर्जन्माचं यंत्र. म्हातारपणी नवं शरीर हवं असेल तर कर्माच्या अधिकाऱ्यांपुढे बसायचं. ते मेंदूतल्या सगळ्या आठवणी तपासतात. देवांची भक्ती नीट केली असेल तर धडधाकट देह, बंडखोर विचार आढळले तर रोगट देह, किंवा माणसाचाही नाही. याला म्हणायचं कर्मफळ. मराठवाड्यातल्या वाचकाला इथे बाबासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आजचं दैन्य न्याय्य ठरवतो, हा आक्षेप आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये सविस्तर मांडला. झेलाझ्नीनं तो वाचला होता की नाही, तो भाग अलाहिदा. कादंबरीत सॅम नावाचा बंडखोर या देवांविरुद्ध जे हत्यार काढतो ते बुद्धाचं. तो बुद्धाची शिकवण पुन्हा सांगायला लागतो, कारण ती देवांची गरजच काढून टाकते. गाभ्यातलं राजकारण इतकं नेमकं आहे की नांदेडच्या बौद्ध वस्तीतल्या वाचकाला त्याची टीप लागत नाही.

पण पुस्तक इथे थांबत नाही, म्हणून ते मोठं. सॅमचा स्वतःचा या शिकवणुकीवर विश्वास नाही. त्याच्यासाठी ती युक्ती आहे. त्याला मारायला कालीनं पाठवलेला मारेकरी आजारी पडतो, मठात त्याची शुश्रूषा होते, तो सॅमची प्रवचनं ऐकतो आणि त्याला खरंच बोध होतो. नकली बुद्धाचा शिष्य असली बुद्ध निघतो. धर्म सत्तेसाठी वापरला जातो, हे सांगणाऱ्या विज्ञानकादंबऱ्या पुष्कळ. आयझॅक आसिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका तेच सांगते, आणि १९६६ मध्ये तिला सर्वकालीन मालिकेचा ह्यूगो मिळाला. तिथले पुरोहित अणुभट्टीचे पुजारी आहेत, आणि लेखक त्यांच्याकडे बघून मिशीत हसतो. झेलाझ्नी पुढचा प्रश्न विचारतो: युक्ती म्हणून सांगितलेलं खरं निघालं तर? आंबेडकरांच्या धर्मांतराकडे निव्वळ राजकीय डाव म्हणून पाहणाऱ्यांना हा प्रश्न आणखी जवळून विचारता येईल.

क्लार्कच्या ‘राँदेव्हू विथ रामा’बद्दल मात्र मराठी वाचकाची थोडी फसगत होते. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेल्या या १९७३ च्या कादंबरीत पन्नास किलोमीटरचं पोकळ नळकांडं सूर्यमालेत शिरतं. ग्रीक आणि रोमन देवांची नावं संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळलेले, म्हणून त्याचं नाव रामा. राम त्यात एवढाच. पण यानावरचा बोरिस रॉड्रिगो हा एका नव्या ख्रिस्ती पंथाचा माणूस लक्षात राहतो. रामा हे तारण्यासाठी आलेलं जहाज आहे असं तो मानतो. बुध ग्रहावरच्या लोकांनी घाबरून रामावर बॉम्ब सोडला तेव्हा तो निकामी करायला हाच जातो, आणि जमवतो. क्लार्क स्वतः अश्रद्ध. तरी सर्वांत नाजूक काम त्यानं श्रद्धावानाच्या हाती दिलं.

आणि मग ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’. वॉल्टर मिलर दुसऱ्या महायुद्धात माँते कासिनोच्या मठावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत होता. ती राख त्याच्या कादंबरीत उतरली आणि १९६१ मध्ये ह्यूगो घेऊन गेली. अणुयुद्धानंतरच्या अंधारयुगात एक मठ जुन्या विज्ञानाचे कागद जपतो, न समजता. एक भिक्षू विद्युतमंडलाच्या जुन्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीसह नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. मंडल म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. वाटेत दरोडेखोर ती नक्कल पळवतो आणि मूळ कळकट कागद सोडून देतो. लातूरच्या क्लासगल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग पाहिलेल्याला इथे हसू येईल, पण ते हसू टिकत नाही. कारण जपणं आणि समजणं यांतलं अंतर नांदेड जिल्ह्यानं शतकानुशतकं पाहिलंय. माहूर हे महानुभावांचं तीर्थ. या पंथानं आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गुंडाळून मठांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना त्यांची किल्ली मिळाली तेव्हा मराठी गद्याचा आरंभच मागे सरकला. नक्कल करणाऱ्या पिढ्यांपैकी कितींना ‘लीळाचरित्र’चं वाङ्मयीन मोल कळलं असेल? त्यांनी ते श्रद्धेनं जपलं, म्हणून ते अश्रद्धांच्या हाती लागलं. आणि नांदेड शहर तर असं, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी आपल्यानंतर माणूस नव्हे, ग्रंथच गुरू असेल असं सांगितलं. पुस्तक वाचायचं की त्यापुढे झुकायचं, हा मिलरचा प्रश्न गोदावरीच्या काठी नवा नाही. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात दोन्ही रोज एकाच वेळी चालतं.

नारळीकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला तो आत्मचरित्राला, ‘चार नगरांतले माझे विश्व’ला. २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत.  २० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांच्या कथांत देवाधर्माची पात्रं पुष्कळ आहेत. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये तर आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं होण्याच्या भूमितीवर मूर्तीची सोंड फिरवून दाखवण्याची मौज आहे, आणि तिथे भाविकाला दुखवायचा हेतू दिसत नाही. अवकाशाच्या मिती उलगडून सांगताना त्यांनी जो संयम दाखवला, त्यातला थोडा इंद्राणीदेवींच्या वाट्याला यायला हवा होता.

समजा, दत्तदांनी लंडनला जाताना त्यांना बरोबर नेलं असतं. गुप्त बैठकीत जगातले शहाणे आकडे मांडतायत, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून या बाई बंगालीत विचारतात की तुमचा नेम चुकला तर काय करायचं ठरवलंय. कुणीतरी दुभाषा शोधायला उठतं.